कोपरानं जोखलेलं पाणी

लग्न होऊन मी खाडीपलीकडून मुरुडला आले, तेव्हा सासरच्या माणसांची तोंडं नीट ओळखू यायच्या आधी मला सासरची खूण पाठ झाली. खूण म्हणजे दर्यातली मासे धरायची जागा. दर्यात खांब रोवता येत नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या वस्तू एकमेकींच्या रेषेत धरायच्या. किल्ल्याचा दक्षिणेकडचा बुरूज मागच्या डोंगराच्या खिंडीत बसला आणि वरच्या अंगाला, उत्तरेकडे, टेकडीवरचा एकटा ताड देवळाच्या कळसावर आला, की तिथं मचवा, म्हणजे आमची शिडाची होडी, फिरवायचा आणि मागं गळ सोडायचे. ही खूण माझ्या आजेसासऱ्यांनी धरलेली. त्यांनी ती मुलाला दिली, मुलानं त्याच्या मुलाला. दुसऱ्या घरांत जमीनजुमला देतात, आमच्या घरात खूण देत. मी ती जागा कधी पाहिली नाही. बाईनं मचव्यात पाय ठेवायचा नाही, हा आमच्या कोळीवाड्याचा नियम. पण बुरूज, खिंड, ताड, कळस हा पाढा मला झोपेतही म्हणता आला असता.

शेजारची घरं जाळ्यात बोंबील नि जवळा धरीत. आमचं घर सुरमईचं. सुरमई उघड्या दर्यात धावणारा मासा, बांगड्यांच्या मागं लागणारा. दात असे की नुसती दोरी असेल तर गळासकट तोडून नेईल, म्हणून आमच्या गळांना तार असे. बाजारात माझ्या मासळीच्या पाटीपुढं उभं राहून बायका म्हणत, "सुरमईवाल्यांची सून ना गो तू?" आणि मी मान ताठ करून "व्हय" म्हणे. ही मान पुढं काही सालं कुठं लपवावी ते मला कळेना.

सासऱ्यांचे गुडघे गेले आणि सुकाणू आमच्या ह्यांच्या हाती आलं. मचवा चालवणाऱ्या म्होरक्याला तांडेल म्हणतात. हे तांडेल झाले आणि सुरमई जणू रुसूनच बसली. दिवाळीनंतर मचवा निघे, खुणेवर जाई, दिवसभर फिरे आणि चार बांगडे नि एखादा हलका, काटेरी शिंगाडा मासा घेऊन परते. पहिल्या साली लोक म्हणाले, साल वाईट आहे. दुसऱ्या साली म्हणाले, वारा वाईट आहे. तिसऱ्या साली कोणी काही म्हणेना, आणि तेच जास्त लागलं.

मग एके दिवशी दुपारी जेवताना मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पंगतीत सगळ्यांदेखत सांगितलं, "शिमग्यापत्तूर सुरमई न्हाय घावली, तर सुकाणू धाकल्याच्या हातात."

धाकला म्हणजे माझा दीर. तो मान खाली घालून भात कालवत होता, पण त्याचे कान हसत होते, मी पाहिलं. ह्यांनी ताटातलं संपवलं, हात धुतला आणि बाहेर जाऊन गळाच्या तारा घासत बसले. त्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. धाकट्या भावाच्या हाताखाली दोर ओढायचा म्हणजे काय, हे कोळीवाड्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. खरं सांगायचं तर माझाही स्वार्थ होता. नारळी पुनवेला तांडेलाची बायको नारळ घेऊन पुढं चालते. ती जागा जावेला द्यायची माझी तयारी नव्हती. पण त्याहून मोठं दुःख त्या भिंतीकडच्या पाठीचं होतं.

त्याच साली आमच्या पडवीत सरकारी मच्छीमार खात्याचे एक साहेब काही महिने राहिले होते. घाटावरचे, बोलायला मऊ. आगरदांड्याहून खात्याच्या लाँचीत बसून ते दर्यात जात आणि पाण्यात थर्मामीटर सोडून त्याची ऊब मोजत. आल्यावर पडवीत बसून मामांना सगळं समजावून सांगत. मी आत सुकी मासळी निवडत ऐकत असे.

ते सांगत, थंडीच्या दिवसांत किनाऱ्याजवळचं उथळ, गढूळ पाणी लवकर गार होतं. पण त्याच दिवसांत बाहेर दर्यात दक्षिणेकडून पाण्याचा एक ओढा वर येतो. ते पाणी नितळ आणि उबदार असतं. हे दोन्ही जिथं भेटतात तिथं फेसाची रेघ दिसते, कधी पाण्याचा रंग बदलतो. बारीक मासळी तिथं गोळा होते आणि तिच्या मागं सुरमई येते, कुपा मासा येतो. ही रेघ एका जागी थांबत नाही. एखाद्या साली किनाऱ्याजवळ येते, एखाद्या साली लांब बाहेर राहते.

मामा सगळं ऐकून घेत आणि मान डोलवीत, "व्हय सायेब, बराबर हाय." आमच्याकडे म्हातारा माणूस इतक्या लवकर "बराबर हाय" म्हणाला, की समजावं त्यानं काहीही घेतलेलं नाही. साहेब बाहेर गेले की मामा म्हणत, "त्याला पानी मोजून पगार मिलतो. आपल्याला मासा मोजून जगायचं हाय."

माझ्या मात्र ते डोक्यात बसलं. माझी चौथी झालेली, आकडे वाचता येत. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांच्या थर्मामीटरांपैकी एकाचा वरचा हूक मोडला होता. तो त्यांनी मला दिला. म्हणाले, "तुम्हीच तेवढं लक्ष देऊन ऐकत होतात, बाई." मला इतका आनंद झाला की मी त्यांना वाटेसाठी सुक्या कोळंबीचे सोडे बांधून दिले, आणि ते शाकाहारी होते हे मला मागाहून कळलं.

आता गंमत पाहा. थर्मामीटर माझ्याकडे आणि दर्या ह्यांच्याकडे. मला मचव्यात जाता येत नव्हतं आणि ह्यांना आकडा वाचता येत नव्हता. मी म्हटलं, घेऊन तर जा, निदान पारा कुठवर चढला ते बोटानं दाखवा. ते म्हणाले, "येडी काय गो? खलाशी हसतील. म्हनतील तांडेलाला ताप आलाय." ते काही खोटं नव्हतं. आमच्या गावानं थर्मामीटर पाहिला होता तो डॉक्टरच्या हातात, कोणाच्या तरी काखेत जाताना.

तेव्हा मी म्हटलं, खुणेवरचं पाणीच घरी आणा. ह्यांनी एका दिवशी तांब्याची कळशी भरून आणली. मी मोठ्या आशेनं थर्मामीटर बुडवला. पारा असा वर चढला की सुरमई त्या पाण्यात शिजली असती. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं, उबदार पाणी खुणेवरच आलंय. ह्यांना म्हटलं, तिथंच बसा, हलू नका. ते बसले. काही मिळालं नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की कळशी दिवसभर मचव्यात उन्हात होती.

पुढच्या खेपेला मी मातीचा माठ दिला. म्हटलं, यात तापणार नाही. तापलं नाहीच, उलट माठ वाटभर झिरपत आला आणि पाणी असं गार झालं की पाहुण्यांना प्यायला द्यावं, खारं नसतं तर. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातून हे बघत होत्या. म्हणाल्या, "दर्याचं पानी घरात आनून कुनाचं भलं झालं न्हाय." मी माठ अंगणातल्या माडाला ओतला आणि आत जाऊन भांडी आदळली. मला रडू येत होतं ते रागाचं. गोष्ट खरी होती, माझ्या समोर होती, आणि माझा हात तिथवर पोहोचत नव्हता.

मग म्हटलं, यंत्र जाऊ दे, माणूसच शिकवू. मागल्या परसात दोन घंगाळं मांडली. एकात साधं पाणी, दुसऱ्यात थोडं ऊन पाणी मिसळलेलं. थर्मामीटरनं मोजून दोन्हींत अगदी थोडका फरक ठेवला. ह्यांच्या डोळ्यांवर माझाच पदर धरला आणि म्हटलं, "हात घाला. सांगा, ऊन कुठलं?"

त्यांनी एकात हात घातला, दुसऱ्यात घातला, पुन्हा पहिल्यात घातला. म्हणाले, "दोनी सारकीच."

फरक वाढवला. तरी सारखीच. आणखी वाढवला. तेव्हा म्हणाले, "ह्यात जरा ओलं लागतंय." मी कपाळावर हात मारला. लहानपणापासून दोर ओढून ओढून त्या तळव्याचं लाकूड झालेलं. निखारा ठेवला असता तरी त्यांनी विचारलं असतं, काय ठेवलंस गो.

उपाय सापडला तो आत्याबाईंमुळे, आणि त्यांना ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. माझी मुलगी तेव्हा तान्ही. आत्याबाई तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालत. पाणी अंगावर ओतायच्या आधी त्या स्वतःचं कोपर त्यात बुडवून बघत. रोज बघत होते मी, पण त्या दिवशी हातातलं काम सोडून बघत राहिले. कोपराच्या आतली कातडी मऊ राहते. दोर कितीही ओढा, कोपर काही दोर ओढत नाही.

दुपारी पुन्हा घंगाळं मांडली. ह्यांची बाही वर केली, कोपर बुडवलं. पहिल्या झटक्यात बरोबर सांगितलं. दुसऱ्यांदा बरोबर. मी फरक कमी करत गेले आणि त्यांना कळत गेलं. ते लहान पोरासारखे खूश झाले. शेजारणीनं कुंपणावरून पाहिलं आणि बाजारात सांगितलं की सुरमईवाल्यांची सून नवऱ्याचे डोळे बांधून त्याला आंघोळ घालते. तो आठवडा मी बाजारात कसा काढला ते माझं मला ठाऊक.

वाटलं, आता झालं. पण खरा वैताग इथून पुढं. हे मचवा घेऊन जात, खुणेवर पोहोचत, कडेवर पालथे पडून कोपर पाण्यात घालत. खलाशी हसत, पण तेही ह्यांनी सोसलं. संध्याकाळी परत येत.

मी विचारी, "पानी कसं व्हतं?"

"गार."

"मग पुढं गेलात का?"

"न्हाय."

"का?"

"खून सुटते."

रोज हेच. पाणी गार आहे हे कोपराला कळे, सुरमई गार पाण्यात नाही हे डोक्याला कळे, आणि तरीही मचवा त्या बुरुजाच्या नि खिंडीच्या रेषेत दावणीला बांधल्यासारखा फिरत राही. खूण सोडून बाहेर जायचं म्हणजे ताड दिसेनासा होणार, कळस दिसेनासा होणार, आणि मुख्य म्हणजे बापाची नि आजाची जागा चुकीची आहे असं म्हटल्यासारखं होणार. धुकं, वादळ, फाटलेलं शीड, कशालाही न घाबरणारा हा माणूस एवढ्याच गोष्टीला घाबरत होता. मला त्यांची दया येई आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटे.

इकडे शिमगा जवळ येत चालला. दीर संध्याकाळी खलाशांच्या घोळक्यात बसून विड्या वाटायला लागला. जाऊ माझ्याशी गोड बोलायला लागली, म्हणजे मला समजायचं ते समजलं. एका पहाटे हे निघायला उठले तेव्हा मी मुलीला कडेवर घेऊन दारात उभी राहिले. म्हटलं, "आज खून सोडलीत तर घरी या. न्हाय सोडलीत तरी या, पर मी नसेन. मी पोरीला घेऊन खाडीपल्याड आयेकडं जातंय. भिंतीकडं तोंड करून जेवनारा मानूस मला बघवत न्हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि गळाच्या तारा उचलून गेले. त्या दिवशी मी बाजाराला गेले नाही. पाटी रिकामीच होती, पण तेवढ्यासाठी नव्हे. बोचकं बांधून पडवीत बसले आणि दर्याकडे बघत राहिले. जमिनीवरचा वारा पडला, मग दर्याचा वारा सुटला. बाकीचे मचवे परतले. आमचा नाही. आत्याबाईंनी दोनदा विचारलं, बोचकं कसलं, आणि मी दोनदा म्हटलं, धुणं.

ऊन उतरताना आमचं शीड दिसलं. मचवा जड होता, पाण्यात खोल बसलेला. किनाऱ्यावर सगळा कोळीवाडा धावला. मचव्यात सुरमयाच सुरमया, निळ्या पाठीच्या, हातभर लांब, काही त्याहून मोठ्या. ह्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत मिठानं पांढरा झाला होता. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "खुनेच्या लय भाईर गेलो गो. गार, गार, गार. आन मग एकाएकी तान्हीच्या आंघोळीचं पानी." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. फेसाची रेघ दिसली, म्हणाले. अलीकडे हिरवं गढूळ, पलीकडे निळं, वर पाखरांचा कालवा. सोडलेल्या प्रत्येक गळाला ओढ लागली. मी पदर तोंडाला लावून तिथंच रडले आणि घरी जाऊन बोचकं सोडलं.

मामा काठी टेकत किनाऱ्यावर आले. मासळी पाहिली, पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुकानू ह्याच्याकडंच." दीर वाळूकडे बघत राहिला. कोणीतरी विचारलं, "तांडेल, घावली कशी?"

आणि हे सरळ बोलून गेले, "आमच्या हिनं शिकवलं. कोपर घालून पानी जोखायला."

काय हशा उठला म्हणता! खलाशी वाळूवर बसून हसले. दोघंतिघं कोपर हलवून दाखवायला लागले. ह्यांनाही शेवटी हसू आलं. फक्त मामा हसले नाहीत. ते गंभीरपणे माझ्याकडे बघत होते, आणि त्या एका क्षणी मला वाटलं, यांना कळलं. सगळ्या कोळीवाड्यात या एका माणसाला कळलं.

मामांनी पोराला जवळ बोलावलं. विचारलं, "तितनं जमीन काय दिसली?"

ह्यांनी सांगितलं. किल्ला इतका लांब, की पाण्याला टेकलेला दिसत होता. मागच्या उंच डोंगराची दोन टोकं तेवढी दिसत होती, आणि खालच्या अंगाला, दक्षिणेकडे, दिघीकडची डोंगराची सोंड त्यातल्या एका टोकाखाली आली होती.

"पुन्ना सांग," मामा म्हणाले. ह्यांनी पुन्हा सांगितलं. मामांनी डोळे मिटून ते ओठांतल्या ओठांत म्हटलं. मग नारळ मागवला, मचव्याच्या नाळेवर, पुढच्या टोकाशी, फोडला आणि म्हणाले, "ही आपल्या घराची नवी खून."

मी पुढं झाले. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायची पद्धत नव्हती, तरी मी उघडलं. म्हटलं, "मामा, जागा न्हाय हो, पानी. ते पानी उद्या तिथं असंल असं न्हाय."

मामा प्रेमानं म्हणाले, "व्हय सूनबाय, बराबर हाय."

घरी आल्यावर त्यांनी थर्मामीटर मागून घेतला. हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात देवीच्या शेजारी ठेवला. माझ्याएवढा मान कोणत्या सुनेचा झाला नव्हता. देव्हाऱ्यातली वस्तू काढून घंगाळात कोण बुडवणार?

पुढच्या साली दिवाळीनंतर मचवा निघाला तो थेट नव्या खुणेवर. डोंगराची दोन टोकं, खाली सोंड, आणि तिथं गोल गोल फिरणं. बांगडे आले, शिंगाडा आला. मी रोज विचारी, कोपर घातलंत का. घातलं, म्हणत. पाणी कसं होतं? गार. मग पुढं का नाही गेलात, हे विचारायचं मी हळूहळू सोडून दिलं. उत्तर मला पाठ होतं, आणि या वेळी बोचकं बांधायलाही कारण नव्हतं, कारण आता कोणी त्यांना सुकाणू सोड म्हणत नव्हतं. खूण नवी होती, वाजतगाजत धरलेली होती, मामांनी स्वतः नारळ फोडला होता. मासा मिळाला नाही तर साल वाईट होतं.

हे पुन्हा आमच्याकडे तोंड करून जेवायला लागले. मरेपर्यंत तांडेल राहिले. नारळी पुनवेला नारळ घेऊन मीच पुढं चालले, सगळ्या बायकांच्या पुढं, नव्या लुगड्यात. आणि दर वेळी पाण्याच्या काठाशी उभी राहिले की मनात संताप उसळे, की बाहेर कुठंतरी ती फेसाची रेघ या घटकेला आहे, तिच्या पलीकडे सुरमई धावते आहे, माझ्या नवऱ्याच्या कोपराला ती ओळखता येते, आणि तिथं आमचं कोणीही नाही.